नुसता पाला

१२ नोव्हेंबर

ही आज सकाळच्या बसने धाकटीकडे गेली. धाकटी म्हणजे हिची बहीण. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, घरात करणारं कोणी नाही, म्हणून. परत कधी येणार, तर "बघू." तीस वर्षांत 'बघू' म्हणून ही कुठेही गेलेली नाही. पायऱ्या उतरताना माझा दंड घट्ट धरला, तेव्हा मला वाटलं राग गेला. पण बस सुटताना मी हात हलवत होतो आणि ही खिडकीतून भलतीकडेच बघत होती. म्हणजे राग आहे.

ही वही तिनेच काढून दिली. माझ्या दुकानाची जुनी ऑर्डरची वही, अर्धी कोरी. काल दुपारी तिने बागेच्या सूचना सांगितल्या आणि मी लिहून घेतल्या. "तूच लिही की," म्हटलं, तर म्हणे, "तुमचं अक्षर चांगलं." ते आहेच. चाळीस वर्षं बोर्ड रंगवलेत, अर्ध्या गावाची दुकानं माझ्या अक्षरांनी ओळखली जायची. वर आणि म्हणाली, "रोज बागेत काय केलंत ते लिहा. आल्यावर मला वाचून दाखवा." म्हणजे माझी हजेरी लागणार.

इतर काही मनात आलं तर तेही लिहीन. वाचून दाखवताना गाळायचं, झालं.

१३ नोव्हेंबर

भांडणाचं लिहून टाकतो. (हे गाळायचं.)

भांडण बागेवरून. हिच्या बागेत फूल म्हणून नाही. स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून धुण्याच्या दगडापर्यंत जी वाट जाते तिच्या डाव्या कडेला पांढऱ्या पट्ट्यांच्या लांबट पानांची रांग. तिला ही 'पट्टेवाली' म्हणते. वाट वळते तिथे तिवईवर ओव्याच्या पानांची मोठी कुंडी, ती इतकी मध्ये आलेली की जाताना हात घासतोच. बाकाशेजारी राखाडी 'चांदीपान'. नळापाशी गवती चहा. पूर्वी गुलाब होते, शेवंती होती, दोन वर्षांत एकेक करून सगळं गेलं. मी बोर्डवाला माणूस. हिरवा रंग म्हणजे पार्श्वभूमी. त्यावर अक्षरं नकोत का? कोरा बोर्ड टांगून कोणी दुकान उघडतं का? तर मी म्हणालो, "फुलं कुठायत तुझ्या बागेत? नुसता पाला!" ती म्हणाली, "तुम्हाला रस्त्यावरून जेवढं दिसतं तेवढंच दिसतं." मग चार दिवस अबोला.

खरं तर त्याआधीपासूनच ती गप्प असते. ऑक्टोबरात मी सरळरेषेला भेटून आलो तेव्हापासून. सरळरेषा म्हणजे दुकानातला माझा जुना जोडीदार, पट्टी न लावता दहा फूट रेष ओढायचा म्हणून हे नाव. त्याचे डोळे गेले. सून हाताला धरून फिरवते. बघवलं नाही मला. जेवताना हिला सगळं सांगितलं आणि म्हणालो, "असं दुसऱ्याच्या हाताला धरून जगण्यापेक्षा माणूस मेलेला बरा. घरच्यांच्या गळ्यात धोंड." ही ताट तसंच ठेवून उठली. हिला आजारपणाच्या गोष्टी जेवताना ऐकवत नाहीत.

२० नोव्हेंबर

घर खायला उठतं. शिलाई मशीन असतं तर निदान त्याच्याकडे बघून तरी वाटलं असतं की ती इथेच आहे. पण तेही तिने मे महिन्यात देऊन टाकलं. अठ्ठावीस वर्षं शाळांचे गणवेश शिवले आणि एके दिवशी म्हणे, "कंटाळा आला." कंटाळा हा शब्द तिच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

संध्याकाळी फोन आला. माझी तब्येत एका वाक्यात, बाग दहा वाक्यांत. "पट्टेवालीला पाणी घातलं? मध्येच कुठे तुटली नाही ना रांग? ओव्याची कुंडी हलवली नाहीत ना?" मी म्हटलं, "गुडघा कसा आहे?" ती म्हणाली, "कोणाचा?" मग म्हणाली, "हां, बरा आहे."

एक कल्पना सुचली आहे. ती येईपर्यंत बाग अशी करून ठेवतो की बघतच राहील. मी मिनतवाऱ्या करणाऱ्यातला नाही, चुकलो असं तोंडाने म्हणणं मला जमत नाही. पण रंगांनी म्हणता येईल.

२७ नोव्हेंबर

दिवसभर काम केलं, कंबरेचा पार बोऱ्या वाजला, पण समाधान आहे.

कुंडीवाल्याकडून रोपं आणली. लाल साल्विया, पिवळाजर्द झेंडू, जांभळी पिटुनिया, मिश्र रंगांचा झिनिया. तो म्हणाला, "साहेब, थोडं पान ठेवा मध्ये. फुलाला पान लागतं, नाहीतर डोळा ठरत नाही." मी त्याला म्हटलं, तू रोपं विक, रंगसंगती मला शिकवू नकोस.

पट्टेवाली सबंध उपटली. ओव्याची कुंडी मागच्या भिंतीला नेली, तिथे उन्हाने चार दिवसांत मरेल असं वाटतं, पण वाट कशी मोकळी झाली. वाट वळून दोन पायऱ्या उतरते, त्या पायऱ्यांच्या अलीकडे पेरूखाली एक रिकामी जागा आहे. सूचनांमध्ये लिहिलंय, 'पेरूखाली हात लावू नये'. का, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. उकरलं तर आत सुकलेले, सुरकुतलेले कांदे निघाले, पंधरा-वीस. सडलेलेच म्हणायचे. न्हाणीमागच्या ढिगावर टाकले आणि तिथे झेंडू लावला.

शेजारच्या हेडबाई कुंपणाशी आल्या. शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण आवाज अजून वर्गातलाच. "भाऊ, ती पानं काढू नका हो. तिने फार विचार करून लावलीत."

"म्हणून तर विचार करून काढतोय."

"तिला विचारलंत का?"

"तिला चकित करायचंय."

त्या काहीतरी बोलायला गेल्या आणि थांबल्या. "मी शब्द दिलाय," एवढंच पुटपुटल्या आणि आत गेल्या. कसला शब्द, कोणाला, देव जाणे. दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसण्याची सवय शाळेतून सुटत नसावी. (हेही गाळायचं. दोघींचं फार सख्य आहे.)

११ डिसेंबर

थंडी पडली. रोपं धरली. ओवा गेला.

५ जानेवारी

धाकटीचा फोन, हिचा नाही. "ताई झोपलीय, भावोजी. तिला आठवडाभर वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही."

"अगं, ऑपरेशन तुझं झालं की तिचं?"

ती चाचरली. मग म्हणाली, "तसं नाही... दमलीय ती. माझं करून करून."

म्हणजे बहिणीने हिला राबवून घेतली. मी फोन जरा आपटलाच. हिला तिथे राहायला आवडतं की काय, ही शंका मात्र आज पहिल्यांदा आली. रात्रीचं जेवण गेलं नाही. साधं सांगायचं तर मला भीती वाटते की ती परत येणार नाही.

३ फेब्रुवारी

बहर! दुसरा शब्द नाही. लालभडक, शेंदरी, पिवळा, जांभळा. रस्त्यावरून जाणारे थांबतात. पोस्टमन म्हणाला, "काका, तुम्ही दुकान बंद केलंत आणि घराचाच बोर्ड केलात." आयुष्यात इतकं नेमकं कौतुक कोणी केलं नव्हतं.

फोनवर तिला म्हटलं, "लवकर ये, एक गंमत आहे."

"काय?"

"ती बघायचीच आहे, सांगायची नाही."

मग म्हणाली, "येते या महिन्यात." मी घरात एकटाच टाळ्या वाजवल्या. या वयात.

२३ फेब्रुवारी

आली.

धाकटी पोचवायला आली होती आणि उलट्या पावली परतही गेली. तिचा गुडघा ठणठणीत दिसला, तरातरा चालत होती. हिच्या डोळ्यांवर काळा चष्मा. म्हणाली, उन्हाचा त्रास होतो. बारीक झाली आहे.

मी तिला मागच्या दारात नेऊन उभं केलं आणि म्हटलं, "बघ!"

ती उभी राहिली. डावीकडे मान वळवली, मग खाली बघितलं, वाटेच्या कडेला, बराच वेळ. तीन पावलं पुढे गेली. वळणापाशी उजवा हात पुढे केला, ओव्याची कुंडी असायची तिथे, आणि तो हात तसाच हवेत राहिला. मग मागे घेतला.

"कशी आहे?"

"छान आहे," ती म्हणाली. झेंडूकडे पाठ करून म्हणाली.

नुसतं छान! तीन महिने कंबर मोडून घेतली त्याचं 'छान'. मी तरी काय अपेक्षा करतो म्हणा. फुलं आवडलीच नसतील तिला. मला वाईट वाटलं आणि रागही आला. दोन्ही लिहून ठेवतो.

संध्याकाळी म्हणाली, "वही वाचून दाखवा ना." मी म्हटलं, नंतर.

२६ फेब्रुवारी

ही पडली. सकाळी पेरूखालच्या दोन पायऱ्यांवरून. कोपर आणि नडगी सोलवटली, कपाळाला खोक. मी धावलो तेव्हा झेंडूत बसली होती आणि हाताने आजूबाजूची फुलं चाचपत होती. "पायऱ्या कुठे गेल्या?" म्हणाली. पायऱ्या तिच्या मागेच होत्या.

हेडबाईंनी जखमा बांधल्या. मग हिला म्हणाल्या, "आता तू सांगतेस की मी सांगू?"

तिनेच सांगितलं. काचबिंदू. दोन वर्षांपासून. कडेकडेचं दिसेनासं होत गेलं, मग रंग फिके पडले. सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा मशीन दिलं. ऑपरेशन धाकटीच्या गुडघ्याचं नव्हतंच. जे गेलं ते परत येत नाही, उरलेलं किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. टिकलं तर उन्हाळाभर पांढरं-काळं कळत राहील, पुढचं माहीत नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते," एवढंच म्हणाली.

२७ फेब्रुवारी

आज ती झोपली असताना मागच्या दारात उभा राहिलो आणि डोळे मिटून वाट चाललो. सहा पावलांत झिनियात शिरलो.

मग बाकावर बसून आठवत गेलो. पट्टेवालीचे पांढरे पट्टे अंधुक नजरेलाही दिसतात, ती वाटेची कड होती. वळणावर ओवा हाताला लागायचा, वास यायचा, म्हणजे इथे वळायचं. चांदीपान म्हणजे बाक. गवती चहाची धारदार पाती पोटरीला लागली की नळ आला. आणि पेरूखाली ते कांदे. ते कॅलेडियम होते, ती 'पांढरी' म्हणते, तळहातापेक्षा मोठी पांढरी पानं, पावसाळाभर पायऱ्यांच्या तोंडाशी उभी असायची. मी दोन पावसाळे बघत आलो, कधी लक्षच दिलं नाही. थंडीत ती जमिनीत झोपतात. मी झोपेतून उपटून ढिगावर टाकली.

दोन वर्षं तिने एकेक फूलझाड काढून एकेक पान लावत स्वतःसाठी वाट तयार केली. मी ती एका दिवसात पुसली. टर्पेंटाइनचा बोळा फिरवावा तशी. आणि त्यावर साल्विया लावला. लाल रंग तिला आता करडा दिसतो.

रडलो. लिहायला लाज वाटत नाही.

१५ मार्च

कुंडीवाल्याकडे गेलो. पट्टेवालीची पिल्लं मिळाली, ओव्याच्या फांद्या मिळाल्या. चांदीपान नशिबाने मी काढलं नव्हतं, वेळच मिळाला नव्हता. कॅलेडियमचं विचारलं. तो म्हणाला, "कांदे आता कुठून आणू साहेब? पावसाळ्यात या, कुंडीतली येतील." मान खाली घालून सगळं ऐकलं. फुलाला पान लागतं, असं तो म्हणाला होता तेही आठवलं.

आता कामाची पद्धत अशी: ती बाकावर बसते आणि सांगते, मी लावतो. "वीत-वीत अंतर ठेवा. जास्त नको, मधे भोक पडलं की मी चुकते." ती 'मी चुकते' म्हणाली की आत कुठेतरी लागतं. रोपं एवढीएवढीशी आहेत. धरायला महिना, दिसण्याइतकी व्हायला दोन. ती म्हणते, "घाई करू नका." घाई झाडांना नाही, मला आहे.

दोन पायऱ्यांच्या कडांना मी पांढरा रंग दिला. तेवढं मला जमतं. तिने बघितला आणि म्हणाली, "सरळ आलीय रेष." दिसली तिला! दिवसभर हलकं पीस झालो होतो.

२० एप्रिल

ऊन. साल्विया करपला, पिटुनिया चिकट होऊन झोपली, झेंडूची नुसती काळी बोंडं उरलीत. पोस्टमन म्हणाला, "काका, बोर्डाचा रंग उडाला की." मी हसलो. सगळं उपटून न्हाणीमागच्या ढिगावर टाकलं. ढिगावर तीन महिने माझीच फुलं कुजत पडणार.

तिने वहीचं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "माझंच अक्षर मला लागत नाही." ती हसली नाही.

२८ मे

गेली दोन वर्षं याच सुमाराला ती पेरूखाली पाणी घालायला सुरुवात करायची आणि आठ-दहा दिवसांत पांढरीचं पहिलं पान वर यायचं, गुंडाळलेलं. आज सवयीने तांब्या घेऊन तिथे गेली, आठवलं, आणि ते पाणी ओव्याला घालून परत आली. मी खिडकीतून बघत होतो.

दुपारी दोरीवरच्या कपड्यांतला माझा पांढरा शर्ट तिने लांबून ओळखला. "तो शर्ट ना?" म्हणाली. पांढरं अजून दिसतं तिला. कुंडीवाल्याला फोन केला. त्याचा माल अजून आलेला नाही.

१६ जून

पट्टेवालीची रांग लागली. ती आता पायाने रांग शोधते. चप्पल काढून चालते.

शर्ट विचारला. ओळखला नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

१९ जुलै

काल न्हाणीमागे गेलो होतो. ढिगाच्या एका बाजूला, कुजलेल्या झेंडूतून, एक पान वर आलेलं. पांढरं. वीस कांद्यांतला एक जगला.

मुळांभोवतीच्या मातीसकट काढून कुंडीत लावलं आणि आज सकाळी बाकावर तिच्या शेजारी ठेवलं. तिचा हात धरून देठावर ठेवला. ती देठावरून वर गेली, पानाच्या कडेने बोट फिरवलं, टोकाशी थांबली.

"ही ती?"

"तीच."

"किती पांढरी आहे?"

चाळीस वर्षं मी पांढरा रंग वापरला. कोणी असं विचारलं नव्हतं. म्हणालो, "मधे दुधासारखी. शिरा हिरव्या, अगदी बारीक. आणि कडेने हिरवी रेघ, दोन नंबरच्या ब्रशने एका दमात ओढलेली."

तिने कुंडी उचलली, उजेडाकडे धरली, आधी एका डोळ्याजवळ, मग दुसऱ्या. मग खाली ठेवली.

"नाही दिसत," म्हणाली. "मे महिन्यात आली असती तर दिसली असती."

मला ते माहीत होतं. तिला ते ठाऊक नसावं, एवढीच आशा होती.

थोड्या वेळाने म्हणाली, "वही आणा. आता टाळू नका. पहिल्यापासून वाचा, मधलं गाळू नका."

"गाळणार होतो हे तुला कसं कळलं?"

"तीस वर्षं तुमच्याशी संसार केला."

वाचायला लागलो. बसच्या खिडकीचं वाचलं तेव्हा म्हणाली, "तुम्ही कुठे उभे होतात तेच कळत नव्हतं. मी सगळीकडे बघत होते." पुढे तेरा नोव्हेंबर आला. नुसता पाला, तेही वाचलं. सरळरेषेपाशी थांबलो.

"काय झालं?"

"चहा टाकतो."

"वाचा."

वाचलं. मेलेला बरा, धोंड, सगळं, जसंच्या तसं. ही ताट ठेवून उठली. हिला आजारपणाच्या गोष्टी जेवताना ऐकवत नाहीत. माझाच आवाज मला ऐकवेना.

तिने शेजारच्या कुंडीतल्या पानावर हात ठेवला. मग म्हणाली, "ते शेवटचं वाक्य परत वाचा."

"हिला आजारपणाच्या गोष्टी जेवताना ऐकवत नाहीत."

"तुम्हाला खरंच तसं वाटलं होतं?"

"हो."

"म्हणजे तुम्हाला माझ्या डोळ्यांचं माहीत नव्हतं."

"कसं असणार? तू सांगितलंच नाहीस."

"त्याच दिवशी सांगणार होते. जेवण झाल्यावर." तिने पानावरचा हात काढला नाही. "मग तुम्ही ते बोललात. मला वाटलं, तुमच्या लक्षात आलंय आणि मुद्दाम मला ऐकवताय. फेब्रुवारीत 'का नाही सांगितलंस' विचारलंत, तेही वरवरचंच वाटलं. आजपर्यंत तसंच वाटत होतं."

ऑक्टोबर ते जुलै. मी मोजलं. नऊ महिने ही माझ्याशी एका घरात, फोनवर, बाकावर, असं मनात धरून बोलत होती की हा माणूस मला मेलेली बरी समजतो. आणि तरीही पट्टेवालीचं अंतर सांगत होती, माझी रेष सरळ आलीय म्हणत होती. मी मूर्ख होतो, दुष्ट नव्हतो, एवढं सांगायला माझ्याकडे वही होती. फेब्रुवारीपासून ती मागत होती आणि मी माझी लाज जपत बसलो होतो.

"मी ते पान फाडून टाकतो," म्हणालो.

"नको. ते शेवटचं वाक्य कुठे लिहिलंय?"

मी तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं.